मोठेबाबा आणि गोडी विहीर

‘मला माहीत नाही’ हे वाक्य छाती पुढे काढून म्हणणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो आमच्या घरात जन्माला आला. एरवी आमच्याकडे पानठेल्यावर उभ्या असलेल्या कोणालाही काहीही विचारा. कापसाचा पुढच्या महिन्यातला भाव, दिल्लीतलं राजकारण आणि तुमच्या गुडघ्यावरचं औषध तो एकाच पिंकेत सांगून मोकळा होतो. माहीत नसणं आमच्यात कमीपणाचं समजतात. पण माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांना आज वार कोणता असं विचारलं तरी ते आधी क्षणभर थांबतात आणि कॅलेंडर पाहून येतात. मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत किरणोत्सारी मूलद्रव्यं वेगळी करण्यात आणि मोजण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीत घर बांधलं. मी अकोल्यात वडिलांचं बिछायत केंद्र चालवतो. मंडप, गाद्या आणि स्वयंपाकाची मोठी गंजं भाड्याने देणाऱ्या माणसाने शास्त्रज्ञावर लिहावं हे जरा जास्तच झालं, हे मला कळतं. पण त्यांच्याबरोबर मी एकदा तेल्हाऱ्याकडच्या एका गावी गेलो होतो, आणि तिथे जे झालं ते मला माहीत आहे तसं दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

लहानपणी आम्हा भावंडांना मोठेबाबा नेमकं काय करतात ते कोणी धड सांगू शकत नसे. माझ्या वडिलांनी त्याचा आपल्यापुरता सोपा अर्थ लावून घेतला होता. “दादा गव्हाच्या शंभर पोत्यांतून एक दाणा काढते,” ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, “अन् तो दाणा दिसत नाही.” गिऱ्हाईक विचारी, “मंग काढला हे कसं समजते?” “तो टिकटिक करते ना,” असं म्हणून वडील गाद्या उचलायला लागत. मोठा झाल्यावर मला कळलं, की वडील फारसे चुकले नव्हते. प्रोटॅक्टिनियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. ते निसर्गात असून नसल्यासारखं, आणि स्वभावाने इतकं हट्टी की हाती लागलं म्हणेपर्यंत काचेच्या भांड्याला जाऊन चिकटतं. त्याला थोरियमपासून स्वच्छ वेगळं करण्याच्या एका पद्धतीवर मोठेबाबांनी अकरा वर्षं काढली. अकरा वर्षांत त्यांनी ते डोळ्यांनी एकदाही पाहिलं नाही, इतकं ते थोडं होतं. यंत्राच्या टिकटिकीवरून ते आहे, एवढंच कळायचं. दिसत नाही अशा गोष्टीसाठी रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, वेळेवर हजर राहणारी माणसं मी देवळातही फार पाहिलेली नाहीत. “मोठेबाबा, अकरा वर्षांत कंटाळा नाही आला?” असं मी एकदा विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “कायचा कंटाळा? रोज कालच्यापेक्षा थोडं कमी चुकत होतो ना!” ते म्हणाले.

त्या प्रयोगशाळेने त्यांच्या हातांना अशी शिस्त लावली, की घरातल्या लोकांची पंचाईत झाली. मोठेबाबांचा हात विनाकारण तोंडाकडे जात नाही. नाकावर माशी बसली तरी ती ते मान हलवून उडवतात. पुस्तकाचं पान उलटायला जिभेला बोट लावणारा माणूस दिसला की त्यांचा चेहरा विहिरीच्या काठावर झोपलेलं पोर दिसावं तसा होतो. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, सांगते, की लग्नात एकमेकांना घास भरवायची वेळ आली तेव्हा साऱ्या वऱ्हाडी मंडळींसमोर नवरदेवाने हळूच विचारलं होतं, “हात धुतले काय?” लग्नातली अंगठी मात्र त्यांनी हौसेने घातली, आणि तीच अंगावर आली. एकदा काम करताना हातमोजा फाटला आणि एक थेंब अंगठीवर पडला. त्यांनी ती नऊ वेळा धुतली. यंत्र नवव्यांदाही टिकटिकलंच. तेव्हा त्यांनी शांतपणे अंगठी काढून किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपात टाकली; ती पिंपं सिमेंट भरून गाडतात. घरी आल्यावर मोठीआईने विचारलं, “अंगठी कुठी हाय?” मोठेबाबा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची मोठीच अडचण. “सिमेंटात,” ते म्हणाले. “काढसान कधी?” “बत्तीसेक हजार वर्षांनी अर्धी साफ होईन.” मोठीआई पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हापासून मोठेबाबा घरातल्या नव्या सुनांना समजावून सांगतात, की मोठीआईचा राग तीन दिवसांत अर्धा होतो, आणखी तीन दिवसांत अर्ध्याचा अर्धा, आणि असं करत करत पुरा कधीच जात नाही, फक्त आपल्याला जाणवत नाही. मोठीआईने हे ऐकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

‘शून्य’ आणि ‘काहीच नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. चहात साखर नाही अशी तक्रार मी एकदा केली, तर म्हणाले, “तुह्या जिभेले सापडली नाही, एवढंच म्हण. जिभेच्याही काही मर्यादा असते.” बाजारात संत्री घेताना ते तीनदा तोलून घेतात आणि तिन्ही वजनं लिहून सरासरी काढतात. यासाठी त्यांच्या खिशात डबीत ठेवलेलं एक छोटं पितळी वजन असतं. दुकानदाराचा काटा आधी त्यावर तपासायचा, आणि ते वजन चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाचा घाम लागला तर ते जड होतं. अमरावतीच्या भाजीबाजारात एक म्हातारा संत्रीवाला होता. मोठेबाबा लांबून दिसले की तो आपणहून काटा रिकामा करून, पुसून ठेवायचा. “साहेब येऊन राहिले, हवा बंद करा रे,” असं तो शेजाऱ्यांना सांगायचा, आणि शेजारचे दोघं-तिघं खरोखरच पंखे बंद करायचे.

पण त्यांच्या साऱ्या तऱ्हांचा राजा म्हणजे कोरा नमुना. एखाद्या विहिरीचं पाणी तपासायला न्यायचं तर तिच्या बाटल्यांसोबत एक बाटली निव्वळ डिस्टिल्ड वॉटरची न्यायची. ती घरून निघते, प्रवास करते, विहिरीपाशी उघडून बंद होते आणि घरी परत येते. नंतर तीही बाकीच्या बाटल्यांसारखीच तपासायची. त्या शुद्ध पाण्यात काही सापडलं, तर ते विहिरीतलं नव्हे. ते तुमच्या हातातलं, बाटलीतलं, वाटेवरच्या धुळीतलं. मोठेबाबांचं म्हणणं असं, की माणसाने जगाला नावं ठेवण्याआधी आपल्या बाटलीत काय आहे ते पाहावं. निवृत्तीनंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अमरावतीच्या कॉलेजात त्यांना एक टेबल आणि एक मोजणीचं यंत्र दिलं होतं. तिथे ते खारपाणपट्ट्यातल्या गावांचं पाणी विनामूल्य तपासून देत. पूर्णेच्या काठचा हा आमचा मुलूख असा, की जमिनीत पाणी आहे पण तोंडात घेववत नाही. नळ आठवड्यातून एकदा येतो. अशा ठिकाणी एखाद्या गावात गोड पाण्याची विहीर असली, तर तिला लोक देवस्थानासारखं जपतात.

तशीच एक गोडी विहीर तेल्हाऱ्याकडच्या त्या गावात होती. गावात मूत्रपिंडाच्या आजाराचे पेशंट वाढले होते, म्हणून तिथल्या सरपंचबाईंनी मोठेबाबांना पाणी तपासायची विनंती केली. दोन वर्षांपूर्वीचा भर उन्हाळा. मोठेबाबा अमरावतीहून एस.टी.ने अकोल्याला माझ्याकडे आले, तर वाटेत कोणीतरी त्यांच्या थर्माकोलच्या खोक्यावर बसकण मारली होती आणि खोक्याचे दोन तुकडे झाले होते. बाटल्या न्यायच्या कशात? मी मोठ्या तोऱ्यात माझ्या वडिलांची सागवानी पेटी काढून दिली. आत कप्पे, कप्प्यांना मऊ कापड. मोठेबाबांनी पेटीवरून हात फिरवला आणि धाकट्या भावाच्या आठवणीने त्यांचे डोळे भरले. मग आम्ही माझ्या बिछायतीच्या टेम्पोने निघालो. अकोटच्या अलीकडे टेम्पो बंद पडला. बॅटरी कोरडी ठाक. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं आणि मैलभर दुकान नव्हतं. माझी नजर त्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर गेली. “मोठेबाबा, हे बॅटरीचंच पाणी होय ना? देऊन टाका. नाही तर इथंच वाळून जाऊ.” ते बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिले. “पहिल्यांदाच होईन हे,” ते म्हणाले. आणि माझ्या चेहऱ्यावरचा घाम पाहून त्यांनी बाटली मला दिली. बॅटरीत पाणी ओतलं, दोन ट्रॅक्टरवाल्यांनी धक्का दिला आणि टेम्पो सुरू झाला. त्या दिवशी विहिरीचे नमुने कोऱ्या नमुन्याशिवाय आले.

तीन दिवसांनी अमरावतीतलं यंत्र असं टिकटिकलं, की मोठेबाबा खुर्चीतून उठले. त्यांनी ताबडतोब सरपंचबाईंना फोन केला आणि पुढचं कळेपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका, असं सांगितलं. सरपंचबाईंनी ते भोंग्यावरून गावाला सांगितलं. विहिरीवर पत्रे टाकले, साखळदंड लावला. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीतल्या मोबाइलवर ‘गोड्या विहिरीत ॲटम’ अशी बातमी फिरली. सोयरीक जमवायला मुलीच्या गावाहून आलेले पाहुणे त्या गावात चहासुद्धा न घेता उठून गेले. लोक कॅनचं पाणी विकत आणू लागले, ज्यांना ते झेपत नव्हतं ते खारं पाणी उकळून पिऊ लागले. विहिरीशेजारी राहणारी वच्छलाबाई नावाची एक म्हातारी तेवढी कोणालाही बधली नाही. पत्र्याच्या फटीतून ती लहान बादली सोडायची. “सत्तर वर्सं हेच पानी पेऊन राहिली मी. ॲटमले इतका टाइम कावून लागला बाप्पा?” असं तिने सरपंचबाईंना विचारलं.

आणखी पाच दिवसांनी मला मोठेबाबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. “त्या पेटीत तुहे बाबा पहिले काय ठेवत होते?” मी म्हटलं, “गॅसबत्त्या. अन् त्याच्या जाळ्या. लग्नाच्या वरातीले लागत होत्या ना.” मग त्यांनी सांगितलं. नमुन्यातला किरणोत्सार कशाचा ते त्यांनी वेगळं करून पाहिलं, तर थोरियम निघालं. आणि थोरियम विहिरीच्या पाण्यात इतकं विरघळतच नाही. ज्याच्यापासून प्रोटॅक्टिनियम सोडवण्यात अकरा वर्षं गेली, त्याचा स्वभाव त्यांना ठाऊक नसेल तर कोणाला? पण जुन्या काळच्या गॅसबत्तीच्या जाळ्या थोरियमच्याच असत. जळलेल्या जाळ्यांची राख पेटीच्या कापडात बसली होती. ती बाटल्यांच्या बुचांवर आली आणि बुचं उघडताना आत पडली. त्यांनी शुद्ध पाण्याची बाटली पेटीत ठेवून, हलवून, तपासून पाहिली होती. तीही तशीच टिकटिकली. विहीर चांगली होती. माझी पेटी वाईट होती, आणि ते सांगू शकणारी बाटली मी टेम्पोला पाजली होती.

मी घाबरून तोडगा सुचवला, की सरपंचबाईंना फोन करून सांगू, दुसऱ्या तपासणीत पाणी चांगलं निघालं. झालं, विषय संपला. मोठेबाबा आयुष्यात माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. “भोंग्यावर बंद केलेली विहीर भोंग्यावरच उघडा लागते,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढच्या निंबाखाली सारा गाव जमला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस भोंग्याचा माइक हातात घेऊन उभा राहिला. “मी चुकलो,” ते म्हणाले. “विहिरीत दोष नव्हता. माह्या पेटीत राख होती, अन् सोबत शुद्ध पाण्याची बाटली न्या लागते ते मी नेली नाही. ती नेली असती तर हे त्याच दिवशी समजलं असतं. सहा दिवस तुमाले खारं पाणी प्या लागलं ते माह्यामुळं.” माह्या पेटीत, माह्यामुळं. मी मागच्या रांगेत टेम्पोची किल्ली हातात घेऊन बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी उठलो नाही.

गावाला राग येईल असं मला वाटलं होतं. राग परवडला असता. गावाला भीती बसली होती. एक तरुण उठला आणि म्हणाला, “काल म्हने खराब, आज म्हने चांगलं. आमी कोन्तं खरं मानावं? तुमी आमच्यासमोर गिलासभर पानी पेऊन दाखवा.” साऱ्या गावाने ते उचलून धरलं. कोणीतरी पळत जाऊन विहिरीच्या पाण्याचा गिलास आणला. आणि मोठेबाबांनी तो घेतला नाही. मी मनात म्हटलं, संपलं. “मी पेलो अन् मेलो नाही, तर त्यानं काय सिद्ध होते?” ते म्हणाले. “खराब पाणी पेऊनही माणूस आज मरत नाही, वर्षांनी मरते. मी पेऊन दाखवलं तर तो तमाशा होईन. पुन्हा नमुने घेतो. या खेपेले तुमच्या हातानं.” लोक कुजबुजू लागले. मागून कोणीतरी स्पष्टच म्हणालं, “म्हाताऱ्याले भेव वाटून राहिलं.” गिलास घेऊन आलेला माणूस तसाच उभा होता. त्यातलं पाणी उन्हात चमकत होतं आणि मोठेबाबांच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती. तरीही त्यांनी तो घेतला नाही.

मग त्यांनी गावातल्या तीन बायांना बोलावलं. प्रत्येकीला विहिरीच्या दोन बाटल्या भरायला लावल्या आणि एकेक शुद्ध पाण्याची बाटली सांभाळायला दिली. वच्छलाबाई त्यातली एक. बूच कसं धरायचं, बोट आत कसं जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी अर्धा तास शिकवलं. वच्छलाबाई आपल्या तिन्ही बाटल्या पदरात आणि बाकी दोघींच्या पिशवीत घेऊन अमरावतीला स्वतः आली आणि मोजणी संपेपर्यंत दोन दिवस मोठीआईकडे राहिली. यंत्रापुढे ती स्टुलावर बसून टिकटिक ऐकायची; ते यंत्र रिकामं असलं तरी थोडं टिकटिकतंच. कोऱ्या बाटलीची टिकटिक आणि विहिरीची टिकटिक सारखीच ऐकू येते, हे तिला मोठेबाबांनी सांगण्याआधी समजलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निंबाखाली. मोठेबाबांनी कागद वाचला. “तिघींच्याही नमुन्यांत किरणोत्सार आमच्या यंत्राले सापडण्याइतका नाही. किडनीचं दुखणं कायनं होऊन राहिलं, हे मले माहीत नाही. ते दुसऱ्या जाणकाराले विचारा लागन.” सरपंचबाई हात जोडून म्हणाल्या, “साहेब, एकडाव नुसतं म्हना ना, पान्यात काहीच नाही. लोकायले तेवढंच पायजे.” आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून देवाला म्हटलं, की बाबा रे, यांना एकदा खोटं बोलू दे. मोठेबाबांनी कागदाची घडी केली. “बाई, तसं मले म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “सापडलं नाही, एवढंच म्हणता येते.” कोणी जागचं हललं नाही. तेव्हा वच्छलाबाई उठली. “अरे, जो मानूस आपली चूक भोंग्यावर सांगते,” ती गावाकडे वळून म्हणाली, “त्याचं ‘सापडलं नाही’ मले पुरते.” तिने घागर उचलली आणि ती विहिरीकडे निघाली. तिच्यामागे दोन बाया गेल्या, मग पाच-सहा, मग कोणीतरी साखळदंड काढल्याचा आवाज आला. पत्रे बाजूला झाले. आम्ही पोचलो तेव्हा काठावर दाटी झाली होती. मोठेबाबा त्या दाटीच्या कडेला उभे राहिले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, मले तहान लागली.” वच्छलाबाईने वरून घागर धरली, आणि ओंजळ करून ते कितीतरी वेळ पीत राहिले. ओंजळीतून सांडून त्यांचा सदरा पोटापर्यंत भिजला. पाणी पिऊन दाखवा म्हणणारा तो तरुणही तिथेच होता. तो खाली मान घालून उभा होता.

त्यानंतर मोठेबाबांनी नमुने घेणं बंद केलं. हात थरथरतो, बूच नीट धरता येत नाही, म्हणाले. कॉलेजातलं टेबल त्यांनी स्वतः पुसून परत दिलं. या कामाचा एक अहवाल त्यांनी लिहून गावाला आणि कॉलेजला दिला. त्यात चूक होण्याचं कारण आणि चूक करणाऱ्याचं नाव, अशी एक ओळ आहे, आणि तिथे फक्त त्यांचं नाव आहे. मी ती ओळ खूपदा वाचली. एवढ्या अहवालात खोटी अशी ती एकच ओळ. म्हणून हे लिहायला बसलो. पेटी माझी होती. बाटली मी मागून घेतली. गाव जमला असताना मी बोललो नाही.

परवा अमरावतीला जाऊन मी हे सारं त्यांना वाचून दाखवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जोरात वाचावं लागलं, आणि शेवटच्या ओळी शेजारच्या घरातही ऐकू गेल्या असतील. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, की आता सांगा, त्या चुकीत माझा वाटा किती आणि तुमचा किती. त्यांनी डोळे उघडले. क्षणभर थांबले. मला वाटलं, आता कागद मागतील. पण त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, “मोजायचं कायले आता?” मग त्यांनी मोठीआईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.